ईसीजी नॉर्मल, मग छातीत दुखतंय ते काय?

पत्र

मॅडम नमस्कार, मी सोलापूरची, वय ४४. युनिफॉर्म शिवायच्या वर्कशॉपमध्ये १६ वर्षं मशीनवर आहे. सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी सात, शाळेच्या सीझनला रात्रीचे नऊसुद्धा होतात. फेब्रुवारीपासून डाव्या बाजूला छातीत दुखतंय. गळ्याच्या हाडाखाली सुरू होतं, तिथनं काखेकडं जातं आणि मागं पाठीच्या फऱ्यात रुतून बसतं. मधल्या बोटाला मुंग्या येतात. मार्चमध्ये एकदा रात्री दोन वाजता इतकं दुखलं की मिस्टरांनी रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. ईसीजी, रक्ताच्या तपासण्या, टूडी इको झाली, दोन दिवस ठेवून घेतलं, नंतर ट्रेडमिलवर चालवलं, सगळं नॉर्मल. एक डॉक्टर म्हणाले गॅस आहे, दुसरे म्हणाले टेन्शन घेऊ नका. सासूबाई म्हणतात कामाचा कंटाळा आलाय हिला. शेवटी हाडाच्या डॉक्टरांनी तपासून मानेचा एमआरआय काढायला लावला, त्यात मानेच्या सी ६ आणि सी ७ म्हणजे सहाव्या आणि सातव्या मणक्यांच्या मधली गादी सरकून डावीकडची नस दबलीय असं आलं, आणि ते म्हणाले छातीतलं दुखणं इथनंच आहे. शेजारची म्हणते मान कुठं, छाती कुठं, काय पण सांगतात. माझे वडील ५२ व्या वर्षी अटॅकनं गेले, मला बीपीची गोळी चालू आहे. मानेमुळं खरंच छातीत दुखतं का? काम सोडू का? आणि उद्या खरोखर हार्टचं दुखलं तर ते मला कळणार कसं?

उत्तर

ताई,

आधी एक करा, हे उत्तर सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवा. मानेतली नस दबली की छातीत दुखतं, अगदी हार्टचं वाटावं असं दुखतं, आणि हे काय कालपरवा निघालेलं खूळ नाही. नॅक्लास नावाच्या अमेरिकेतल्या डॉक्टरांनी १९३४ मध्येच असे पेशंट लिहून ठेवलेत ज्यांची छाती दुखत होती आणि मूळ होतं मानेत. हार्टला रक्त कमी पडून छातीत कळ येते तिला अँजायना म्हणतात, म्हणून डॉक्टर लोक याला सर्व्हायकल म्हणजे मानेचा अँजायना म्हणतात, काहीजण स्यूडो अँजायना म्हणजे नकली अँजायना. मला ते नकली म्हणणं अजिबात आवडत नाही, कारण पेशंटला वाटतं मलाच नकली म्हणतायत, आणि घरच्यांना तर तेवढंच पाहिजे असतं.

मी डॉक्टर नाही बरं का, फिजिओथेरपिस्ट आहे, २२ वर्षं सोलापुरातच लोकांच्या माना, कंबरा आणि गुडघे बघतेय. तेव्हा औषधाचं जे काही सांगेन ते तुमच्या डॉक्टरांना विचारूनच करायचं.

आता हे होतं कसं ते तुमच्या मशीनवरच सांगते. नवीन पोरगी कामाला लागली की तिच्या शिलाईला कापडाच्या खालच्या बाजूनं दोऱ्याचं जाळं धरतं. मग ती बॉबिन काढते, बॉबिनची डबी फुंकते, परत बसवते, परत जाळं. तासभर खालीच खुडबुड. शेवटी तुमच्यासारखी एखादी जुनी बाई उठते, वरचा दोरा पूर्ण काढून परत ओवते, टेन्शनच्या दोन चकत्यांमध्ये नीट बसवते, आणि शिलाई सरळ. बिघाड वर होता, दिसत होता खाली. तुमच्या छातीचं तसं झालंय. चार महिने सगळे बॉबिन उघडून बघत होते.

मानेत ७ मणके आणि तिथनं नसांच्या ८ जोड्या बाहेर पडतात. त्यातल्या खालच्या चार आणि पाठीतली पहिली अशा मिळून एक जुडगा होतो आणि तो खांद्याखालून हातात जातो. पण सगळा हातात जात नाही, त्याच्या काही फांद्या छातीवरच्या मोठ्या स्नायूला जातात. सी ६ आणि सी ७ च्या मधली गादी सरकली की साधारणपणे दबते ती सातवी नस. ही सातवी मधल्या बोटापर्यंत जाते, दंडाच्या मागच्या स्नायूला जाते आणि छातीच्या स्नायूतही तिचा वाटा असतो. म्हणजे बोटाच्या मुंग्या आणि छातीतली कळ ही दोन वेगळी दुखणी नाहीत, एकाच दोरीची दोन टोकं आहेत. आणि नस नेमकी कुठं दबली ते मेंदूला कळत नाही, ती जिथं जाते तिथं दुखतंय असं तो धरतो. दाराच्या चौकटीला कोपर आपटलं की झिणझिण्या करंगळीत येतात की नाही, करंगळीला काय झालेलं असतं? काहीच नाही. शेजारणीला हे कोपराचं सांगा, पटेल.

गॅस म्हणणाऱ्या डॉक्टरांवर मात्र फार चिडू नका, टेन्शन म्हणणाऱ्यांवर चिडलात तर माझी हरकत नाही. छातीत दुखतंय म्हणून बाई रात्री दोन वाजता आली तर आधी हार्टच बघायचं, मान नंतर, महिनाभर नंतर बघितली तरी चालतं. तो क्रम बरोबरच होता आणि त्या दोन दिवसांचे पैसे वाया गेले असं मनात पण आणू नका. त्या तपासण्या झाल्या म्हणूनच आज तुम्ही आणि मी निवांत मानेबद्दल बोलतोय. माझ्याकडं कुणी हार्ट न तपासता छातीदुखीसाठी मान दाखवायला आलं तर मी हात लावत नाही, परत पाठवते. क्लिनिकमध्ये हे सगळ्यांना माहितीय, काहीजण रागावून पण गेलेत.

अजून एक, एमआरआयच्या कागदाला फार डोक्यावर बसवू नका. चाळिशी ओलांडलेल्या आणि काहीही दुखत नसलेल्या माणसांचा एमआरआय काढला तरी गादी थोडीफार सरकलेली बऱ्याच जणांत दिसते, केस पिकतात तसं आहे ते. म्हणून नुसता रिपोर्ट म्हणजे पुरावा होत नाही. रिपोर्ट, तुमची लक्षणं आणि डॉक्टरांच्या हाताची तपासणी, तिन्ही एकाच नसेकडं बोट दाखवतायत का ते बघायचं. तुमच्या पत्रात मधलं बोट आलंय, फऱ्यातलं दुखणं आलंय, आणि बाजू डावीच आहे, इथपर्यंत हिशोब जुळतोय. तुम्ही न लिहिलेल्या काही गोष्टी विचारते. फळीवरचा डबा काढायला मान वर करून डावीकडं वळवली की कळ येते का? डावा हात उचलून डोक्यावर ठेवून बसलं की बरं वाटतं का? (बऱ्याच बायका मला सांगतात की रात्री हात डोक्यावर घेऊनच झोप लागते, का ते त्यांना माहीत नसतं, त्या जागेत नसेवरचा ताण कमी होतो एवढंच.) जमिनीवरनं उठताना डाव्या तळव्यावर जोर दिला तर कोपर दुमडून जातं का? आणि जिना चढताना, गाडी पकडायला पळताना दुखतं का, का मशीनवर चार तास बसल्यावर आणि पहाटे कूस बदलताना दुखतं? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर डॉक्टरांना नक्की सांगा, सगळ्यात जास्त उपयोगाचं ते आहे.

आता तुमचा तिसरा प्रश्न. यावर मी जरा जास्त बोलणार आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. टॉवेलच्या कारखान्यातले एक काका माझ्याकडं मानेच्या ट्रॅक्शनला, म्हणजे मशीननं मान हळू ओढून घ्यायला यायचे, मानेचा जुना त्रास, डाव्या हातात कळ, छातीत पण कधी कधी. सगळं तपासून झालेलं, मान हेच कारण ठरलेलं, मी स्वतः बघत होते. एप्रिलचा महिना, दुपारी बाराला आले, म्हणाले मॅडम आज मान जरा जास्तच धरलीय, लवकर मशीन लावा. घाम आलेला. आता एप्रिलमध्ये सोलापुरात घाम कुणाला येत नाही, पारा ४० च्या वर, रस्त्यावर कुत्रं दिसत नाही, मला पण आलेला. पण मानेला पट्टा बांधताना माझा हात त्यांच्या कपाळाला लागला आणि कपाळ गार होतं, फ्रिजमधल्या बाटलीला हात लावल्यासारखं. विचारलं काका नेहमीसारखंच दुखतंय का, तर म्हणाले नाही, आज दुखत नाही, आज आवळतंय. सकाळी सायकलवरनं घरी येताना दोनदा थांबलो. मी पट्टा सोडला आणि त्यांना घेऊन सरळ दवाखाना गाठला, अटॅकच होता. वाचले, अजून भेटतात, हसतात. पण ते चार तास घरी बसले होते का, तर आपलं मानेचंच आहे म्हणून.

ताई, मला तुमची हीच भीती वाटते. मान खराब आहे म्हणून हार्टला जन्मभराची सुट्टी मिळत नाही. एका माणसाच्या अंगात दोन्ही असू शकतं. त्यात तुमचे वडील ५२ व्या वर्षी गेले. वडील किंवा भाऊ यांना ५५ च्या आत हार्टचा त्रास झाला तर डॉक्टर तो खानदानी धोका धरतात, आणि वर तुम्हाला बीपी आहे. मार्चमधली ट्रेडमिल टेस्ट चांगली आली याचा आनंद आहे, पण ती मार्चची आहे. वर्षातनं एकदा फिजिशियनला दाखवा, कोलेस्टेरॉल आणि शुगर करून घ्या, बीपीची गोळी सीझनच्या गडबडीत चुकवू नका. आणि आता एक खाजगी विचारते, मिसरी लावता का? पत्रात नाही लिहिलंत आणि सहसा कुणी लिहीत नाही, पण आपल्याकडं मशीनवरच्या बायकांत किती चालते ते मला माहितीय. मिसरी म्हणजे तंबाखूच, दाताला लावली तरी रक्तात जातेच. लावत असाल तर ती मानेपेक्षा मोठी काळजी आहे.

हार्टचं दुखणं सहसा एका बोटानं दाखवता येत नाही, माणूस अख्खा पंजा किंवा मूठ छातीवर ठेवून सांगतो, आवळतंय, दाबल्यासारखं होतंय, कोणीतरी उरावर बसलंय. चालताना, चढताना, जेवून लगेच काम केलं की येतं आणि थांबलं की काही मिनिटांत उतरतं. जबड्यात जातं, दोन्ही हातात जाऊ शकतं, गार घाम, धाप, मळमळ, डोळ्यापुढं अंधारी. बायकांमध्ये आणि शुगरवाल्यांमध्ये तर छातीत फार दुखतच नाही कधी कधी, नुसतीच धाप लागते, गळून गेल्यासारखं होतं, उलटी होते, पाठ भरून येते, आणि घरचे लिंबूसोडा देऊन झोपवतात. मानेचं दुखणं मान हलवली, हात कसा ठेवला, किती वेळ वाकून बसलं याच्या तालावर नाचतं, एक तर क्षणभर सणक येऊन जातं किंवा मग अर्धा दिवस ठुसठुसत राहतं.

पण हे सगळं वाचून घरी बसून तुम्ही स्वतः ठरवायचं नाही. मी २२ वर्षं बघतेय आणि मला पण नुसतं बघून दर वेळी सांगता येत नाही, म्हणून तर मशिनी आहेत. तुम्ही फक्त एकच ओळखायचं, हे माझं रोजचं दुखणं आहे का वेगळं आहे. वेगळं वाटलं, किंवा छातीत आवळल्यासारखं, दाबल्यासारखं होऊन दहा-पंधरा मिनिटं थांबलंच नाही, किंवा सोबत घाम, धाप, मळमळ यातलं काही आलं, की १०८ ला फोन. रिक्षात बसून जवळच्या छोट्या दवाखान्यात, तिथनं दुसऱ्या, असं फिरत बसू नका. दवाखान्यात वडिलांचं आणि बीपीचं आधी सांगा, एक ईसीजी नॉर्मल आला म्हणून घरी पाठवत असतील तर थोड्या वेळानं दुसरा काढणार का आणि ट्रोपोनिन (हार्टला इजा झालीय का ते सांगणारी रक्ताची तपासणी) परत करणार का असं विचारायला लाजू नका, कारण सुरुवातीला ईसीजी साफ असूनही अटॅक असू शकतो. अशा वेळी अ‍ॅस्पिरिन चावून खायची का, किती खायची, हे तुमच्या बीपीच्या डॉक्टरांना आत्ताच विचारून चिठ्ठीवर लिहून घ्या आणि चिठ्ठी कपाटाच्या दारावर चिकटवा. शेजारच्या आजोबांची हार्टची जिभेखालची गोळी, सॉर्बिट्रेट, घेऊन बघायची नाही. त्यानं बीपी पडतं, आणि ती घेऊन दुखायचं थांबलं म्हणजे हार्टच, नाही थांबलं म्हणजे मान, असं काही नसतं, अन्ननलिकेची कळ पण तिनं थांबते. आणि समजा सगळं धावपळ करून शेवटी मानच निघाली तर लाज कसली? परत जायचं. दहा वेळा जायचं.

काम सोडू का, तर नको. दबलेल्या नसेचा त्रास बहुतेकांचा दीड ते तीन महिन्यांत बराच उतरतो, सरकलेली गादी बऱ्याचदा आपोआप आकसते, ऑपरेशन फार थोड्यांना लागतं. काम सोडून घरी बसलात तर पगार जाईल आणि दुखणं बहुतेक तिथंच राहील, कारण घरी पण वाकूनच भाकरी थापणार. काम करायची पद्धत बदलू.

तुम्ही ४४ च्या, कापड नेव्ही ब्लू, दोरा नेव्ही ब्लू, वर एक ट्यूबलाईट आणि ती पण तुमच्या पाठीमागं. सुईत दोरा ओवताना सुई लांब धरता का जवळ? लांब धरायला लागत असेल तर चाळिशी लागलीय आणि चष्मा नाही. मग टाका दिसत नाही म्हणून डोकं पुढं काढून, कासवासारखी मान ताणून बसायचं, दिवसाचे नऊ तास. डोक्याचं वजन चार-पाच किलो असतं, ते खांद्याच्या वर तोललेलं असलं तर मानेला जड जात नाही, पुढं लटकवलं की मणक्यांवरचा भार कितीतरी पटीनं वाढतो. मी किती बायकांना महिनाभर व्यायाम शिकवला, शेक दिला, काही फरक नाही, आणि मग चष्मा लावल्यावर पंधरा दिवसांत फरक. गंमत नाही करत. नंबर काढायला फार पैसे लागत नाहीत, सिव्हिलमध्ये केसपेपर काढून पण होतं.

दुसरं, मशीनचं टेबल तुमच्याकडं थोडं उतरतं असलं तर वाकावं लागत नाही, मागच्या दोन पायांखाली पक्के लाकडी ठोकळे सरकवून मिळतात का मालकाला विचारा, फिटर पाच मिनिटांत करून देईल. मालक नाही म्हणाले तर स्टूल जवळ ओढा आणि लाईट पुढं घ्या, तेवढं तर मिळेल. पीसरेटवर काम असेल तर दर अर्ध्या तासाला उठा म्हणून मी सांगितलं तरी तुम्ही उठणार नाही, मला माहितीय. म्हणून असं करा, दर वेळी बॉबिन संपली की नवीन घालायच्या आधी अर्धा मिनिट, पाठ टेकवून खांदे मागं ओढायचे, हनुवटी सरळ मागं घ्यायची, दोन श्वास, मग बॉबिन. बॉबिन तर बदलावीच लागते. सध्या दोन-तीन आठवडे ओव्हरटाईम मात्र नाही म्हणायचं.

घरी पाणी येतं त्या दिवसाचं पण बघा. चार-पाच दिवसांनी नळ सुटतो, मग ड्रम, पिंप, बादल्या, दोन्ही हातात एकदम. हातात जड बादली लोंबकळली की खांदा खाली ओढला जातो आणि आधीच दबलेली नस ताणली जाते. पाण्याच्या दुसऱ्या दिवशी जास्त दुखतं का ते कॅलेंडरवर खूण करून बघा. पाईप लावा, पोरांना लावा, मिस्टरांना लावा, रात्री दोन वाजता रिक्षा आणणारा माणूस आहे, चार बादल्या पण उचलेल.

झोपताना दोन उशा नको आणि बिनउशीचं पण नको. एक पातळ उशी घ्या आणि आपल्या सोलापुरी टॉवेलची घट्ट गुंडाळी करून उशीच्या अभ्र्यात खालच्या कडेला घाला, म्हणजे मानेच्या खोलगट भागाला आधार मिळतो. विकतची सर्व्हायकल उशी महाग असते आणि सगळ्यांना जमतच नाही, आधी टॉवेल करून बघा. पोटावर झोपायचं बंद, त्यात मान रात्रभर एका बाजूला पिळलेली राहते.

व्यायामाचा एकच सांगते, बाकीचे तुम्हाला समोर बघितल्याशिवाय सांगणार नाही. भिंतीला पाठ लावून बसायचं आणि हनुवटी वर-खाली न करता सरळ मागं ओढायची, फोटो काढताना डबल हनुवटी दिसेल म्हणून आपण जे टाळतो ना, तेच मुद्दाम करायचं. पाच सेकंद धरून सोडायचं, दहा वेळा, दिवसातनं चार-पाचदा. करताना बोटातल्या मुंग्या कमी होऊन दुखणं मानेकडं सरकलं तर चांगलं चाललंय. उलट मुंग्या बोटात अजून वाढल्या तर थांबायचं आणि फिजिओला दाखवायचं. गळ्यातला पट्टा प्रवासापुरता ठीक, महिना महिना घातला की मानेचे स्नायू कमजोर पडतात.

काय करायचं नाही ते पण सांगते. सलूनमध्ये मिस्टर डोक्याची मालिश करून कटकन मान मोडून घेत असतील आणि म्हणत असतील तू पण मोडून घे, तर अजिबात नाही. मानेतनं मेंदूकडं जाणाऱ्या रक्तवाहिन्या त्या मणक्यांमधनंच जातात, झटक्यानं त्या फाटून लकवा झाल्याचे प्रकार घडलेत. कुणाही हाडवैद्याला, कितीही नावाजलेला असला तरी, तुमची मान झटकू द्यायची नाही. आणि मेडिकलमधनं डायक्लोफिनॅकच्या गोळ्या आणून रोज खाणं बंद. बीपी वाढतं, किडनीला त्रास, आणि हार्टच्या दृष्टीनं पण ती गोळी बरी नाही, तुमच्या घराण्याचा इतिहास बघता तर नाहीच. नसेची गोळी दिली असेल डॉक्टरांनी, प्रीगॅबालिन वगैरे, तर तिनं गुंगी येते, सकाळी मशीनवर बोट सुईखाली जाऊ देऊ नका, आणि बरं वाटलं म्हणून एकदम बंद करू नका, विचारून हळूहळू.

मानेच्या बाबतीत पण काही गोष्टींना थांबायचं नसतं. डाव्या हाताची ताकद कमी होत चाललीय, ब्लाऊजचे हूक लागेनात, सुई हातातनं निसटते, चालताना झोकांड्या, पायातली चप्पल नकळत निघून जाते, लघवीवर ताबा राहत नाही, यातलं काहीही दिसलं तर हाडाच्या किंवा मेंदूच्या सर्जनला त्याच आठवड्यात, लघवीचं असेल तर त्याच दिवशी. तेव्हा नस नाही तर मधला मज्जारज्जूच दबत असतो आणि तिथं व्यायाम, शेक, तेल यानं वेळ घालवणं महागात पडतं. ऑपरेशनचं नाव निघालं तर घाबरून पळू नका, कामगार विम्याचं म्हणजे ईएसआयचं कार्ड असेल तर ते काढा, नाहीतर सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेत बसतं का ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा. पण तुमच्या पत्रावरनं तरी तिथपर्यंत जाईल असं मला वाटत नाही.

सासूबाईंचं काय करायचं? त्यांना एकदा तुमच्या मशीनवर तासभर बसवा असं म्हणणार होते पण नको, उगी भांडण. त्यांनी पण आयुष्यभर विड्या वळल्या असतील बहुतेक, तुमच्या भागात कुणी नाही वळल्या? मांडीवर सूप आणि मान खाली, हजार हजार विड्या. त्यांना विचारा, आई तुमची मान कधी दुखली का. मग बघा किती बोलतात.

चष्म्याचं या रविवारच्या आत करा, एक महिना कॅलेंडरवर खुणा करा आणि परत लिहा. मिसरीचं खरं खरं लिहा, नाव कुठं छापत नाही मी.